घर पाहायला जा ते भर दुपारी

पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास आपल्या किहीम गावी राहून सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. नर घरटे अर्धे विणून ठेवतो. मादी येते, आत-बाहेर नीट पाहते आणि तिला पसंत पडले तरच ते पुरे होते. आपल्याकडे घराचा सौदा मात्र पुरुषमंडळी संध्याकाळच्या गारव्यात, दलालाच्या सोयीने करून येतात. त्या घरात दिवसभर राहणाऱ्या बाईने, म्हाताऱ्या सासूने ते पाहिलेलेही नसते.

उष्माघात फक्त विदर्भात होतो, असे समजू नका. १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरच्या कार्यक्रमात उन्हात बसलेली १४ माणसे दगावली. पारा तेव्हा चाळीसच्या आतच होता. किनाऱ्यावर हवा दमट असते. घाम येतो, पण सुकत नाही. आणि घाम सुकल्याशिवाय अंग निवत नाही. म्हणूनच हवामान खाते सपाट प्रदेशात ४० अंशांपासून, तर किनाऱ्यावर ३७ अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करते. उन्हात जाणे टाळता येते. घरच तापले, तर जायचे कुठे? म्हणून घर घेण्यापूर्वी एवढे तपासा.

छप्पर : एप्रिल-मे महिन्यात दुपारी तीनला जा. ताप पाहतो तसा हाताचा मागचा भाग भिंतीला लावा. रात्री दहाला पुन्हा जा. स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री खोलीत सोडतो. रात्री शरीराला विसावा मिळाला नाही, तर दुसऱ्या दिवसाचे ऊन जास्त बाधते. अगदी वरच्या मजल्याचा फ्लॅट स्वस्त मिळत असेल, तर गच्चीला पांढरा रंग देता येईल का, वर शेड घालता येईल का, हे आधीच विचारा. पत्र्याच्या घराला आतून सिलिंग आहे का, पाहा. कौलारू घर जुने म्हणून नाकारू नका. कौलांच्या फटींतून गरम हवा बाहेर जाते.

वारा आणि ऊन : किहीमला समुद्र पश्चिमेला. दुपारचा खारा वारा तिकडून येतो आणि उतरते ऊनही तिकडूनच. म्हणून पश्चिमेला खिडकी हवी, पण तिच्यावर पडवी, रुंद छज्जा किंवा झाड हवे. समोरच्या भिंतीतही खिडकी किंवा दार हवे, नाहीतर वारा आत येत नाही. उदबत्ती लावा आणि धूर कुठे जातो ते पाहा. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी पाच मिनिटे उभे राहा.

पाणी आणि संडास : मे महिन्यात पाणी किती दिवसांआड येते, हे मालकाला नको, शेजारणीला विचारा. विहिरीचे पाणी चाखा. समुद्राजवळच्या काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. संडास घराला लागून आहे का? "बाहेर जावं लागतं, म्हणून मी पाणीच कमी पिते," असे नर्स असताना मी कितीतरी बायकांकडून ऐकले. लघवीची जळजळ, मुतखडा, भोवळ या तक्रारी त्यातूनही येतात.

रमाई आवास योजनेतून घरकुल बांधणाऱ्यांना तर खिडकीची दिशा पाया घालण्यापूर्वीच ठरवता येते. गवंड्याशी बोलताना घरातल्या बाईनेही तिथे उभे राहावे.

घर आधीच घेतले असेल आणि ते तापत असेल, तर उन्हाळ्यापूर्वी स्लॅबवर चुना मारा आणि पश्चिमेच्या भिंतीवर झापांची सावली करा. चूल आणि वायरी झापांपासून दूर ठेवा. कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग भाजत असेल, शुद्ध हरपत असेल, तर ओल्या फडक्याने अंग पुसत १०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

घराचे कर्ज वीस वर्षे फेडायचे असते. त्याआधी दोन दुपारी आणि एक रात्र खर्च करा. घरातली बाई "इथे जीव गुदमरतो" म्हणाली, तर बयाणा देऊ नका.