विझण्याचे शास्त्र

अग्नी कसा पेटवावा याचा विचार मनुष्याने जितक्या आस्थेने केला, तितक्या आस्थेने तो कसा विझतो याचा केलेला नाही, असे मला फार वर्षांपासून वाटत आले आहे; वस्तुतः ज्वलनाचा स्वभाव जर खरोखर जाणून घ्यावयाचा असेल, तर ज्योत मरते त्या क्षणाकडेच बारकाईने पाहावयास हवे.

पूर्वपीठिका थोडक्यात आटोपतो. जळणाऱ्या पदार्थातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे तत्त्व निघून जाते हा अठराव्या शतकातला समज लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तराजूच्या आधारे खोडून काढला आणि ज्वलन म्हणजे प्राणवायूशी होणारा संयोग होय हे दाखवून दिले. इंधन, प्राणवायू आणि उष्णता या तिहींचा मेळ आहे तोवर आग चालते. एकाला बेदखल केले की ती थांबते.

परंतु हे सूत्र पाठ करणे वेगळे आणि डोळ्यांनी पाहणे वेगळे. मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे केवळ एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली, ती याचसाठी. मेणबत्ती हलकेच फुंकून विझवावी. वातीतून पांढरट धुराची बारीक रेघ वर चढू लागते. तिच्यात, वातीपासून बोटभर उंचीवर, पेटती काडी धरली, तर ज्योत त्या रेघेवरून खाली धावत येऊन वात पुन्हा पेटते. घरातल्या मुलांना मी हा प्रयोग दर दिवाळीत करून दाखवतो, आणि दर वेळी माझेच डोळे त्यांच्याहून मोठे होतात. जळत असते ते घन मेण नव्हे, मेणाची वाफ. फुंकर त्या वाफेपासून ज्योत दूर लोटते, इतकेच. मेणबत्तीवर पेला पालथा घातल्यास आतला प्राणवायू पूर्ण संपतो, हा समजही खरा नाही. हवेतील २१ टक्क्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले, की ज्योतीला आपली उष्णता टिकवता येत नाही आणि बराच प्राणवायू शिल्लक असतानाच ती मरते.

उष्णतेच्या या हिशेबाचा सर्वांत सुंदर उपयोग हंफ्री डेव्ही यांनी केला. इंग्लंडात फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत १८१२ साली झालेल्या स्फोटात ९२ माणसे व मुले दगावली. खाणीत साचणारा मिथेन वायू कामगाराच्या उघड्या दिव्याने पेट घेई, आणि दिव्यावाचून तर कोळसा खणता येत नसे. १८१५ साली डेव्ही यांनी ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी बसवली, चौरस इंचाला ७८४ छिद्रांची. वायू छिद्रांतून खुशाल आत शिरतो आणि आत जळतोही. मात्र ज्वाला जाळीपर्यंत आली, की धातू तिची उष्णता शोषून चहूकडे पसरवतो आणि पलीकडचा वायू पेटण्याइतका तापतच नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत बर्नरवर जाळी धरून वरच्या बाजूस काडी लावली, की ज्वाला वरच थांबते, खाली गॅस वाहत असूनही उतरत नाही. डेव्हींच्या दिव्यातील ज्योतीच्या टोकावर निळसर झाक दिसली, की वायूचे प्रमाण वाढले हेही कामगाराला समजे. या शोधाचे एकस्व घेण्याचे डेव्ही यांनी नाकारले, याबद्दल त्यांच्याविषयीचा माझा आदर दुणावतो. अर्थात जोराच्या वाऱ्यात जाळी लाल होई आणि मग तिचा पहारा ढिला पडे.

पाण्याचे सामर्थ्यही मुख्यतः हेच, उष्णता हिरावण्याचे. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता खर्ची पडते. परंतु पाणी आगीच्या मुळाशी पोचले तर! मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाच्या ज्या खणात कापसाच्या गाठी खाली आणि दारूगोळा वर रचला होता, तेथे आग लागली. घट्ट दाबलेला कापूस ज्वालेवाचून आतल्या आत धुमसत राहतो; बंबवाल्यांनी पाण्याचा मारा चालवूनही ती धग निवाली नाही, आणि दुपारी चारच्या सुमारास जहाज फुटले. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, तो त्या दिवशी बळी पडलेल्या जवानांच्या स्मरणार्थ. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयावरून जाताना माझी पावले आजही मंदावतात.

म्हणूनच माझे आग्रहाचे सांगणे आहे, की शाळांनी पेटवण्याइतकेच विझवण्याचे प्रयोगही मुलांकडून करून घ्यावेत. कढईतल्या तेलाने पेट घेतला असता पाणी ओतणारा मनुष्य अविचारी नसतो, अशिक्षित असतो. पाणी तेलाच्या तळाशी जाते, क्षणात त्याची वाफ होते आणि ती पेटते तेल चहूकडे उडवते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवावे, आणि ती पुरती निवेपर्यंत ते उचलू नये. झाकणाने प्राणवायू तुटतो, परंतु तेल तापलेलेच असते आणि हवा मिळताच पुन्हा पेटू शकते.