खोकल्यावर ब्रँडी नको

सर्दी-खोकला झाला की 'घोटभर ब्रँडी घे, बरं वाटेल' असा सल्ला चाकण-भोसरीच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांना हमखास मिळतो. ब्रँडीने ऊब वाटते ती त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे. जंतूंचे त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते आपल्याच पहारेकऱ्यांचे.

श्वासावाटे आलेले जंतू श्वासनलिकेतले सूक्ष्म तंतू बाहेर लोटतात. तरीही फुप्फुसात पोचलेल्यांना तिथल्या भक्षक पेशी गिळतात. वर्षानुवर्षे जास्त पिणाऱ्यांचे हे तंतू मंदावतात आणि पेशी दुबळ्या होतात. रोज ४० ग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क, म्हणजे साधारण दोन मोठे पेग, घेणाऱ्यांना क्षयरोगाचा धोका सुमारे तिप्पट असल्याचे अभ्यासांत दिसले आहे.

इथे स्त्री-पुरुष हा भेदही येतो. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि प्रतिकारशक्तीची अनेक जनुके याच गुणसूत्रावर आहेत. इस्ट्रोजेन हे संप्रेरक प्रतिकाराला बहुधा जोर देते, तर टेस्टोस्टेरॉन लगाम घालते. म्हणून लस टोचल्यावर स्त्रियांत सहसा अधिक प्रतिद्रव्ये तयार होतात. अर्थात याची किंमतही आहे. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे ल्यूपससारखे आजार स्त्रियांनाच जास्त होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगातील नव्या क्षयरुग्णांपैकी ५५ टक्के प्रौढ पुरुष होते, तर स्त्रिया ३३ टक्के. हा सगळा फरक गुणसूत्रांचा नव्हे. विडी-सिगारेट, दारू, धुळीतले काम आणि दवाखाना टाळण्याची सवय यांचाही त्यात वाटा आहे. स्त्रियांनीही गाफील राहू नये. त्यांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढीच दारू त्यांच्या रक्तात अधिक चढते आणि यकृताची हानी लवकर होते.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि देशात पेनिसिलीन बनू लागले. क्षयावर पेनिसिलीन चालत नाही, त्याची औषधे वेगळी. पण कोणत्याही प्रतिजैविकाला शरीराची साथ लागतेच. शिवाय क्षयाच्या काही गोळ्यांचा भार यकृतावर पडतो. त्यात दारूची भर पडली, तर कावीळ होऊन उपचार थांबवण्याची वेळ येते.

तेव्हा दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी व उपचार मोफत आहेत. दारूची सवय डॉक्टरांपासून लपवू नका. रोज पिणाऱ्याने ती सोडावी, पण एकाएकी नव्हे, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)