दिवा माशांसाठी की वनस्पतींसाठी?

काही वर्षांपूर्वी आम्ही तलासरी तालुक्यातील एका शाळेत विज्ञान शिबिरासाठी गेलो होतो. वर्गाच्या पूर्वेकडील खिडकीत काचेची एक टाकी होती. तिच्यात गप्पी मासे आणि हायड्रिलाच्या चार काड्या होत्या, पण पाणी पोपटी झाले होते. आतले नीट दिसावे म्हणून वर 60 वॅटचा साधा बल्ब टांगला होता आणि तो रात्रंदिवस चालू असे. आदल्या आठवड्यात एका रात्री वीज गेली आणि सकाळी बरेचसे मासे मेलेले आढळले. ‘अंधारात घाबरून मेले’, असे मुलांचे म्हणणे. गुरुजींनी विचारले, ‘‘आणखी मोठा बल्ब लावू का?’’

उत्तर देण्यापूर्वी आपण एक उलट प्रश्न विचारू. हा दिवा नेमका कोणासाठी?

माशांना प्रखर उजेडाची गरज नसते. त्यांना हवे असते ते दिवस-रात्रीचे चक्र. डहाणू-तलासरी हा भाग सुमारे 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे डिसेंबरातील दिवस सुमारे 11 तासांचा, तर जूनमधील सव्वातेरा तासांचा असतो. म्हणजे येथील ओढ्यातल्या माशाला दररोज दहा-बारा तास अंधार मिळतोच. गप्पीला पापण्या नसतात. दिवा सतत चालू राहिला तर त्याला डोळे मिटून घेण्याचीही सोय नाही.

उजेड लागतो तो वनस्पतींना, प्रकाशसंश्लेषणासाठी. 1882 साली जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमान यांनी शैवालाच्या तंतूवर लोलकातून निघालेला वर्णपट पाडला. त्याच पाण्यात ऑक्सिजनकडे धाव घेणारे जीवाणू सोडले होते. हे जीवाणू तांबड्या आणि निळ्या पट्ट्यांत गोळा झाले. म्हणजे ऑक्सिजन मुख्यतः तेथेच तयार होत होता. पांढऱ्या एलईडी दिव्यात हे दोन्ही रंग पुरेसे असतात. खोल समुद्रात तांबडा प्रकाश पाण्यात शोषला जातो हे खरे. पण फूटभर खोल टाकीत ही घट किरकोळ असते. म्हणून शाळेतल्या टाकीसाठी महागडा रंगीत दिवा आणण्याचे कारण नाही.

मग मासे का मेले? उजेडात वनस्पती ऑक्सिजन सोडतात, पण श्वसन मात्र त्या चोवीस तास करतात. अंधार होताच ऑक्सिजनची निर्मिती थांबते आणि खर्च चालू राहतो. पहाटे साठा सर्वांत कमी असतो. पाणी हिरवे करणाऱ्या सूक्ष्म शैवालालाही हाच नियम लागू. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो: 25 अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना सुमारे 7.5. साध्या बल्बची बहुतेक ऊर्जा उष्णतेतच जाते. अहोरात्र उजेडामुळे शैवाल माजत गेले आणि अंधार कधी झालाच नाही, म्हणून धोका लपून राहिला. वीज जाताच तो उघड झाला. दोष अंधाराचा नव्हता, आधीच्या अतिउजेडाचा होता.

आता निवड करू. 60×30×30 सेंटिमीटरच्या टाकीत सुमारे 50 लिटर पाणी मावते. हायड्रिलासारख्या वनस्पतींसाठी लिटरमागे 15 ते 20 ल्युमेन हा ढोबळ हिशेब पुरतो, म्हणजे 750 ते 1000 ल्युमेन. साधारण 9 वॅटचा एलईडी बल्ब एवढा प्रकाश देतो. खोक्यावर वॅट नव्हे, ल्युमेन पाहावेत. 6500 केल्व्हिन लिहिलेला दिवा दिवसाच्या उजेडासारखा दिसतो. तो रोज आठ तास ठरलेल्या वेळी लावावा. टाकी थेट उन्हापासून दूर ठेवावी. भर दुपारचे ऊन सुमारे एक लाख लक्स असते आणि त्यापुढे आपला हिशेब कोलमडतो. टाकीवर काच झाकावी, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी दिव्याचे बटण बंद करावे.

मुलांना हे सांगण्यापेक्षा मोजू द्यावे. काचेच्या भांड्यात हायड्रिलाची काडी उलटी ठेवा, पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. खोलीत अंधार करून एलईडी बल्ब 40, 20 आणि 10 सेंटिमीटरवर ठेवा आणि प्रत्येक वेळी पाच मिनिटे थांबून मिनिटाला किती बुडबुडे निघतात ते मोजा. दिवा जवळ येईल तसे बुडबुडे वाढतील, पण एका टप्प्यानंतर वाढ मंदावेल. उजेड भरपूर झाला की कार्बन डायऑक्साइडसारखे दुसरे काहीतरी अपुरे पडू लागते. टाकीत या टप्प्यापुढचा उजेड हायड्रिलाच्या उपयोगाचा नसतो. तो शैवालाच्या पथ्यावर पडतो.

डहाणूजवळच्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. परिसरातल्या वस्तूच तेथे शिकण्याची साधने झाली. आपल्याला तर चिकूची वाडीही पुरेल. दाट झाडाखालचे गवत आणि मोकळ्या बांधावरचे गवत यांची तुलना करा. उजेडाचा हिशेब तेथेही मांडलेला दिसेल.

त्या शाळेत टाकी खिडकीतून हलवली, थोडे थोडे पाणी बदलले, खाणे कमी केले आणि 9 वॅटचा दिवा आठ तासांवर आणला. काही आठवड्यांत पाणी निवळले. दिवा लावण्या-मालवण्याची पाळी आता मुलांकडे आहे, आणि पहाटे मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात का, हे पाहण्याचे काम शाळेच्या आवारात राहणाऱ्या गुरुजींकडे.