औषधाला पत्ता सांगणारा लोहचुंबक

कर्करोगावरच्या बहुतेक जुन्या औषधांची मोठी अडचण ही, की त्यांना पत्ता ठाऊक नसतो. शिरेतून दिलेले औषध रक्ताबरोबर सर्वांगभर फिरते आणि झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते. मग त्या गाठीतल्या असोत वा केसांच्या मुळाशी. केस गळतात, तोंड येते, उलट्या होतात, पांढऱ्या पेशी घटतात. पुष्कळदा घरची माणसे रोगापेक्षा औषधालाच अधिक भितात. डॉक्टरांनाही मात्रा बेताने द्यावी लागते.

औषध गाठीपाशीच थांबवता आले तर? याचे एक उत्तर शाळेतल्या प्रयोगासारखेच आहे: कागदावर लोहकीस, कागदाखाली चुंबक. लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण घ्यायचे. केसाच्या जाडीत असे शेकडो कण ओळीने मावतील. त्यांवर वेष्टण चढवून औषध जोडायचे, ते रक्तात सोडायचे आणि गाठीजवळ बाहेरून प्रबळ चुंबक धरायचा. चुंबक दूर केला, की या कणांचे चुंबकत्व जवळजवळ मावळते. त्यामुळे ते एकमेकांना ओढून गुठळ्या करत नाहीत.

बर्लिनमध्ये आंद्रेआस ल्युब्बे आणि सहकाऱ्यांनी १४ रोग्यांवर केलेली अशी चाचणी १९९६ साली प्रसिद्ध झाली. औषध होते एपिरुबिसिन. हे रोगी बळावलेल्या कर्करोगाचे, इतर उपचार निष्फळ ठरलेले. त्यांपैकी सुमारे निम्म्यांत कण गाठीकडे वळवता आले. २००० साली जर्मनीतूनच सशांवरील प्रयोगाची बातमी आली: नेहमीच्या २० ते ५० टक्के मात्रेतच गाठी नाहीशा झाल्या.

मग अडले कुठे? चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने कमी होते. सशाच्या पायातली गाठ चुंबकाला जवळ. माणसाच्या पोटातली दूर. शिवाय रक्ताचा वेग कणांना वाहून नेतो आणि बरेच कण यकृत व प्लीहा अडवून ठेवतात. म्हणूनच ही पद्धत अजून नित्याच्या उपचारांत आलेली नाही. मेंदूच्या गाठीत असे कण थेट टोचून, बदलत्या चुंबकीय क्षेत्राने ते तापवण्याच्या वेगळ्या उपचाराला मात्र युरोपात २०१० साली मान्यता मिळाली.

बाजारातल्या चुंबकीय पट्ट्यांचा नि कड्यांचा या संशोधनाशी काडीचाही संबंध नाही. ‘चुंबकाने कर्करोग बरा’ अशी बातमी वाचलीत, तर आधी पाहा: प्रयोग प्राण्यावर की माणसावर? किती रोग्यांवर? गाठ किती खोल होती? आणि चालू असलेले उपचार डॉक्टरांना विचारल्याविना थांबवू नका.