तुटलेल्या मज्जातंतूस मांडव

एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रांतून निघालेल्या तारा आपण सर्वच रोज पाहतों. वादळांत एखादी तार तुटली, तर कामगार खांबावर चढतो, दोन्ही टोंकें जोडतो, आणि घरोघरचे दिवे पुन्हा लागतात. मनुष्याच्या शरीरांतहि अशा तारा आहेत. मेंदु व पृष्ठरज्जु यांपासून निघून त्या हातापायांच्या बोटांपर्यंत पोहोंचतात. त्यांस मज्जातंतु म्हणतात. मग कांचेनें, यंत्रानें किंवा रोगानें एखादा मज्जातंतु तुटला असतां शल्यवैद्यानें टोंकें जोडतांच बोटांस स्पर्श कां कळूं लागत नाहीं? या प्रश्नाचें उत्तर आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस साध्या शब्दांत सांगावें, एवढाच आमचा हेतु आहे.

तांब्याची तार निर्जीव असते. मज्जातंतु सजीव असतो. त्यांत हजारों सूक्ष्म धागे असतात, आणि प्रत्येक धागा म्हणजे पृष्ठरज्जूंत किंवा त्याच्या शेजारीं राहणाऱ्या एका पेशीचा लांबच लांब हात होय. धागा तुटला कीं मातृपेशीपासून दुरावलेला पुढचा भाग थोड्याच दिवसांत मरून जातो. ही गोष्ट १८५० सालीं ऑगस्टस वॉलर या इंग्रज शास्त्रज्ञानें बेडकाच्या जिभेंतील मज्जातंतु कापून प्रथम दाखविली. परंतु मातृपेशी जिवंत असेल, तर उरलेल्या टोंकास नवे अंकुर फुटतात. त्यांची वाढ दिवसास सुमारें १ मिलिमीटर इतकी मंद असते. कोपरापासून बोटाच्या टोंकापर्यंतचें अंतर ४० सेंटिमीटर धरलें, तर हा प्रवास पुरा होण्यास वर्षाहून अधिक काळ लागेल, हा हिशोब चौथीचा विद्यार्थीहि करूं शकेल. तोंपर्यंत काम न मिळालेले स्नायु वाळत जातात.

या अंकुरास वाट कोण दाखवितें? धाग्यांभोंवतीं थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पेशी असतात. इजा होतांच या श्वान पेशी मेलेला भाग साफ करतात, ओळीनें उभ्या राहतात व अंकुरास पोसणारीं द्रव्यें स्रवतात. अशा एका द्रव्याच्या शोधाबद्दल रीटा लेव्ही-मोंटाल्चिनी या विदुषीस व स्टॅन्ली कोहेन यांस १९८६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. टोंकें जवळ असलीं तर सूक्ष्म टांके घालून काम भागतें. मध्यें खिंड पडली असेल तर मात्र अंकुर भरकटतात आणि त्यांची दुखरी गांठ बनते.

आमच्या नाशिक जिल्ह्यांतील द्राक्षबागाईतदारास येथें नवें कांहींच सांगावयास नको. मांडव नसेल तर वेल जमिनीवर लोळतो. मांडव दिला कीं तो ठरल्या वाटेनें चढतो. मज्जातंतूसहि मांडव लागतो. जुना व अद्यापि सर्वोत्तम मानलेला उपाय कलमाचा आहे. रोग्याच्याच पोटरींतील एक मज्जातंतु काढून तो खिंडींत शिवतात. त्यांत श्वान पेशी आयत्याच असतात. पण पावलाच्या बाहेरील कडेची संवेदना त्या बदल्यांत गमवावी लागते. म्हणून शरीरांत हळूहळू विरून जाणाऱ्या नळ्या बनविण्यांत आल्या. त्या लहान खिंडीस उपयोगी पडतात. खिंड सुमारें ३ सेंटिमीटरांहून मोठी असली कीं रिकामी नळी अपुरी पडते. कारण मांडव आहे, पण खतपाणी घालणारा माळी नाहीं.

हा माळी मूलपेशींत मिळेल, अशी शास्त्रज्ञांस आशा आहे. ज्यांपासून निरनिराळ्या प्रकारच्या पेशी घडूं शकतात, त्या मूलपेशी होत. अस्थिमज्जेंतून किंवा चरबींतून त्या काढून त्यांच्याकडून श्वान पेशींसारखें काम करवून घेतां येतें. कांहीं शास्त्रज्ञ पेशी न घालतां त्यांनीं स्रवलेलीं पोषक द्रव्येंच नळींत भरतात. उंदरांवरील प्रयोगांत यांचें फळ चांगलें दिसलें आहे. मनुष्यांवरील प्रयोग मात्र अद्यापि थोडे व लहान आहेत.

आपल्या देशास या विद्येचें अगत्य विशेष आहे. जगांत दरवर्षीं कुष्ठरोगाचे जे नवे रोगी सांपडतात, त्यांपैकीं निम्म्याहून अधिक भारतांत असतात. या रोगाचे जंतु श्वान पेशींतच घर करतात. वेदना नाहींशी होते, तप्त भांड्यानें हात भाजला तरी कळत नाहीं, आणि वारंवार जखमा होऊन बोटें झिजत व आखूड होत जातात. रोगानें मांस कुजतें हा समज खरा नव्हे. वेदनेचा पहारा उठल्यामुळें ही हानि होते, हें वेलोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉ. पॉल ब्रँड यांनीं दाखवून दिलें. मुंबईस जे. जे. रुग्णालयांत डॉ. नोशिर अंतिया यांनींहि कुष्ठरोग्यांचे हात व चेहरे सुधारण्याचें मोठें कार्य केलें. पुढें डॉ. परेरा, डॉ. पलांडे व त्यांचे सहकारी यांनीं एक नवाच मांडव योजिला. रोग्याच्याच शरीरांतील स्नायूचा तुकडा गोठवून व वितळवून त्यांतील पेशी मारावयाच्या. उरलेल्या पोकळ नलिका मज्जातंतूच्या नष्ट झालेल्या भागाच्या जागीं बसवावयाच्या. १९९१ सालीं त्यांनीं हा अनुभव 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत मांडला. बधिर झालेल्या अवयवांत परतलेली संवेदना पुढें वर्षानुवर्षें टिकल्याचें त्यांनीं २००८ सालीं कळविलें.

याहून नवल असें कीं, कुष्ठजंतु उंदराच्या श्वान पेशींचें रूपांतर मूलपेशींसारख्या पेशींत करतात, हें एडिंबरो येथील शास्त्रज्ञांस २०१३ सालीं आढळून आलें. ज्या शत्रूनें मज्जातंतु नासविला, त्यानेंच पक्व पेशीस पुन्हा बाल्यावस्थेंत नेण्याची युक्ति उघड केली!

पालकांस दोन शब्द. 'मूलपेशींच्या सुईनें हात बरा करूं' अशा जाहिराती पाहून कोणीं शेत गहाण टाकूं नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणें रक्ताच्या व तत्सम ठराविक विकारांवांचून इतरत्र मूलपेशी हा मान्य प्रयोगाबाहेर विकण्याचा उपचार नव्हे. आणि मान्य प्रयोगांत भाग घेणाऱ्याकडून त्याचे पैसे घ्यावयाचे नसतात. मुलाचा हात खोल कापला, तर रक्त थांबल्यावर स्वस्थ न बसतां बोटांस स्पर्श कळतो कीं नाहीं हें पाहावें व नसल्यास त्वरित शल्यवैद्य गांठावा. अंगावर बधिर चट्टा दिसला, तर तो लाजेनें झांकूं नये. सरकारी आरोग्यकेंद्रांत कुष्ठरोगाचें औषध विनामूल्य मिळतें, आणि वेळींच घेतल्यास बहुधा मज्जातंतु वांचतो.

विद्यार्थिमित्रहो, वेदना आपणांस नकोशी वाटते. परंतु ती देवानें आपल्या दारीं ठेविलेली पहारेकरीण आहे. जिच्या हातांतून ती निघून गेली आहे, अशी एखादी वृद्धा रस्त्यांत भेटली, तर तिच्यापासून दूर सरूं नका. तिला पुन्हा स्पर्श कळावा म्हणून शास्त्रज्ञ मांडव बांधीत आहेत. तिला जवळ करण्यास मात्र कोणत्याहि शोधाची वाट पाहावयास नको.