खाजगी प्रश्न आणि सार्वजनिक आरोग्य

सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील कडोदरा येथे दोन मोठे रस्ते एकमेकांस छेदतात. एक मुंबईहून अहमदाबादकडे जातो. दुसरा सुरतेहून निघून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर या मार्गाने धुळ्याकडे येतो. या चौफुलीच्या परिसरात कापडाची रंगाई व छपाई करणारे कारखाने उभे आहेत. धुळे, नंदुरबार व जळगाव या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबांची उपजीविका सुरत परिसराशी जोडलेली आहे. ओडिशा, उत्तर प्रदेश आणि बिहार येथूनही कामगार मोठ्या संख्येने येतात. त्यांपैकी अनेक जण बायकामुले गावी ठेवून चार-सहा जणांत एक खोली घेऊन राहतात. रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक धावत असतात.

अशा ठिकाणी हाती प्रश्नावली घेतलेला कार्यकर्ता येतो आणि वय, शिक्षण, गाव विचारून झाल्यावर अत्यंत नाजूक प्रश्नांकडे वळतो. गेल्या बारा महिन्यांत पती वा पत्नीखेरीज अन्य कोणाशी शरीरसंबंध आला काय? आला असल्यास निरोध वापरला काय? गुप्तरोगाची लक्षणे दिसली होती काय? दिसल्यावर उपचार कोठे घेतले? ऐकणारा संकोचतो, क्वचित रागावतोही. हा राग अस्वाभाविक नाही. तथापि हे प्रश्न का विचारले जातात हे समजून घेतल्यास त्यांमागील लोकहिताचा हेतू स्पष्ट होईल.

रुग्णालयाबाहेरचे आजार

काही रोगांचा प्रसार पाण्यावाटे, काहींचा डासांमुळे, तर काहींचा शरीरसंबंधातून होतो. पाण्याची तपासणी प्रयोगशाळेत करता येते. माणसाचे वर्तन मात्र त्याला विचारूनच कळते. रुग्णालयाच्या नोंदवहीत फक्त तेथवर आलेल्यांची नावे असतात; लाजेने घरी राहिलेल्यांची नसतात.

याचे बोलके उदाहरण गडचिरोली जिल्ह्याचे आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्या अभ्यासाचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक अवयवांचा काही ना काही विकार होता. परंतु त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. गावात जाऊन विश्वासाने विचारपूस केली नसती, तर हे दुखणे सरकारी कागदावर कधीही उमटले नसते.

या विषयावर मोकळेपणाने बोलणे म्हणजे परकीय अनुकरण होय, हा समजही बरोबर नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढून लैंगिक आरोग्याची चर्चा मराठीतूनच केली. त्यापायी त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, तरी १९५३ साली निधन होईपर्यंत त्यांनी ते मासिक चालविले.

शितावरून भाताची परीक्षा

भारतात एच.आय.व्ही.चा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये मद्रास येथे आढळला. पुढे देशात किती जणांना ही लागण झाली असावी याचा अंदाज बांधण्यासाठी मुख्यतः ठरावीक दवाखान्यांतील गरोदर स्त्रिया व गुप्तरोगाचे रुग्ण यांच्या रक्ततपासणीचा आधार घेण्यात आला. या पद्धतीस प्रहरी सर्वेक्षण म्हणतात. त्यावरून २००६ च्या सुमारास बाधितांची संख्या ५० लाखांहून अधिक मानली जात होती.

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण शीत भांड्याच्या सर्व बाजूंनी घ्यावे लागते. सरकारी दवाखान्यात येणारे रुग्ण म्हणजे सारा समाज नव्हे. २००५-०६ मध्ये झालेल्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ही उणीव भरून काढण्यात आली. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने या सर्वेक्षणाचे संयोजन केले. गावे व वस्त्या शास्त्रीय पद्धतीने निवडून, घरांच्या याद्या करून त्यांतून घरे निवडण्यात आली. लैंगिक वर्तनाविषयी प्रश्न विचारण्यात आले आणि एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांच्या संमतीने, बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर एच.आय.व्ही.ची तपासणी झाली. १५ ते ४९ वर्षे वयोगटात लागणीचे प्रमाण ०.२८ टक्के आढळले. ही व अन्य माहिती विचारात घेऊन २००७ मध्ये देशातील बाधितांचा अंदाज सुमारे २५ लाखांवर आणण्यात आला.

अंदाज निम्म्यावर आला, म्हणजे रोग निम्मा झाला असे नव्हे. मोजण्याची रीत सुधारली, एवढाच त्याचा अर्थ. परंतु औषधे किती लागतील, केंद्रे कोठे उघडावीत, निधी कोठे खर्चावा या साऱ्यांचा हिशेब अशा आकड्यांवर बसतो. आकडा फुगला तर घबराट पसरते. आकडा दबला तर रुग्ण उपचाराविना राहतात.

घरांच्या यादीत न सापडणारी माणसे

घरोघर फिरून केलेल्या सर्वेक्षणालाही मर्यादा आहे. ट्रकच्या केबिनमध्ये झोपणारा चालक, रात्रपाळीवर असलेला कामगार, आज येथे तर उद्या तेथे राहणारा मजूर यांची गाठ घरांच्या यादीवरून सहजी पडत नाही. नेमका हाच वर्ग कडोदऱ्यासारख्या ठिकाणी मोठा असतो. म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २००१ व २००६ मध्ये वर्तनविषयक स्वतंत्र सर्वेक्षणे केली आणि प्रहरी सर्वेक्षणात एकटे राहणारे स्थलांतरित पुरुष व लांब पल्ल्याचे ट्रकचालक यांचाही समावेश केला.

येथे एक खबरदारी आवश्यक आहे. स्थलांतरित मनुष्य स्वभावतः बेजबाबदार असतो, असा निष्कर्ष या अभ्यासांतून काढणे अन्यायाचे ठरेल. घरापासूनचा दीर्घ वियोग, एकाकीपणा, परक्या मुलखात दवाखान्याची अपुरी माहिती ही धोक्याची खरी कारणे होत. शिवाय कामगार सणावाराला व लग्नसराईत गावी परततो. सुरतेच्या खोलीत लपविलेला आजार साक्री वा नवापूर तालुक्यातील पत्नीपर्यंत आणि तिच्या पोटातील बाळापर्यंत पोहोचू शकतो. ती बिचारी घराबाहेरही पडलेली नसते. कडोदऱ्यास दिलेल्या खऱ्या उत्तराशी खानदेशातील माउलीचे आरोग्य अशा रीतीने निगडित आहे.

उत्तर देणाऱ्याचा अधिकार

खरे उत्तर विश्वासाशिवाय मिळत नाही. म्हणून अशा कामाचे काही नियम ठरलेले आहेत. प्रथम हेतू सांगून संमती घ्यावी. स्त्रियांना स्त्री कार्यकर्तीने व पुरुषांना पुरुषाने, एकांतात प्रश्न विचारावेत. तिसरी व्यक्ती जवळ आल्यास नाजूक प्रश्न थांबवावेत. उत्तर द्यावयाचे नसल्यास नकार देण्याचा पूर्ण अधिकार आहे. अहवालात नाव येत नाही. येते ती केवळ टक्केवारी.

एच.आय.व्ही.विषयी तर कायद्याचेच संरक्षण आहे. २०१७ साली संमत झालेला व १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला कायदा संमतीशिवाय चाचणी करण्यास आणि बाधिताची माहिती त्याच्या संमतीविना उघड करण्यास सर्वसाधारणपणे मनाई करतो. नोकरी, शिक्षण, उपचार वा निवारा यांबाबत बाधितांशी भेदभाव करणेही त्याने निषिद्ध ठरविले आहे.

गावाची जबाबदारी

२००४ पासून शासकीय रुग्णालयांत या रोगावरील औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ झाला. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके कमी राखल्यास शरीरसंबंधातून जोडीदारास लागण होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. वेळीच निदान झालेल्या गरोदर मातेस योग्य उपचार मिळाल्यास बाळाचा बचाव होण्याची शक्यता फार मोठी असते. २०२३ च्या अंदाजानुसार देशात २५ लाखांहून अधिक व्यक्ती एच.आय.व्ही.सह जगत आहेत. त्यांपैकी प्रत्येकास उपचार मिळावयाचे तर प्रथम त्यांनी तपासणीपर्यंत येणे अगत्याचे आहे.

शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत तपासणी विनामूल्य व गुप्तपणे होते. १०९७ या क्रमांकावर दूरध्वनीनेही माहिती मिळते. परगावी कामास जाणाऱ्यांना ही माहिती निघण्यापूर्वीच देणे, हे काम शिक्षक, ग्रामसेवक व आरोग्यसेविका उत्तम रीतीने करू शकतील. सर्वेक्षणाचा कार्यकर्ता गावी आल्यास त्याच्याभोवती गर्दी करू नये, कोणी काय उत्तर दिले याची चौकशी करू नये आणि कोणाच्या आजाराची चर्चा पारावर होऊ देऊ नये. गावाने एवढे पथ्य पाळले, तर लाजेपोटी आजार अंगावर काढणारे स्त्री-पुरुष निर्धास्त मनाने बोलतील आणि औषध वेळेवर त्यांच्या हाती पडेल.