मत्स्यालय रचनेतील इकेबाना तत्त्वे

इकेबाना या जपानी पुष्परचना कलेतील असममिती, प्रमाणबद्धता आणि मोकळ्या जागेचा विचार ही तत्त्वे जलवनस्पतींच्या मत्स्यालयाची मांडणी करतानाही वापरता येतात. मात्र इकेबानातील फुले व फांद्या कापलेल्या असतात, तर मत्स्यालयातील वनस्पती वाढत राहतात. त्यामुळे ही तत्त्वे तेथे जशीच्या तशी लागू होत नाहीत.

पार्श्वभूमी

जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी 'नेचर ॲक्वेरियम' ही शैली विकसित केली. लिस्बन येथील मत्स्यालयात २०१५ साली खुले झालेले त्यांचे सुमारे ४० मीटर लांबीचे जलोद्यान प्रसिद्ध आहे. या शैलीतील 'इवागुमी' ही दगडांची मांडणी जपानी उद्यानकलेतून आली असून तिचे इकेबानाशी साम्य आढळते.

समान तत्त्वे

सोगेत्सु या इकेबाना परंपरेत शिन, सोए आणि हिकाए अशा तीन मुख्य फांद्या असतात. शिन सर्वांत लांब असते, सोए साधारणपणे तिच्या तीन-चतुर्थांश आणि हिकाए त्याहून आखूड असते. इवागुमीतही दगडांची संख्या सहसा विषम ठेवतात. 'ओयाइशी' हा सर्वांत मोठा दगड मध्यभागी न ठेवता एका बाजूस बसवतात व इतर दगड त्याला पूरक ठरतात. 'मा' म्हणजे अर्थपूर्ण रिक्त जागा. मत्स्यालयात ती पाण्याच्या मोकळ्या भागातून आणि तळाशी पसरलेल्या बुटक्या वनस्पतींच्या गालिच्यातून साधली जाते.

वाढीचा परिणाम

इकेबानात छाटणीमुळे फांदीचा आकार निश्चित होतो. मत्स्यालयात मात्र उभ्या खोडाची वनस्पती छाटल्यावर तिला नवे धुमारे फुटतात आणि झुडूप दाट होते. म्हणून लागवड करतानाच काही आठवड्यांनंतरचे रूप लक्षात घ्यावे लागते. 'सुतेइशी' हा लहान दगड तर कालांतराने वनस्पतींखाली झाकला जाईल हे गृहीत धरूनच ठेवतात.

मर्यादा

रिक्त जागा राखण्यासाठी सुरुवातीला फार कमी वनस्पती लावल्या आणि प्रकाश तीव्र ठेवला, तर न वापरलेल्या पोषकद्रव्यांवर शैवाल वाढते. चुनायुक्त दगडांमुळे पाण्याची कठीणता वाढते व मृदू पाण्यातील माशांना ते मानवत नाही. त्यामुळे दगडांची निवड, प्रकाश, कार्बन डायऑक्साइड आणि पाणीबदल यांचा विचार मांडणीबरोबरच करावा लागतो.